उपवासाचा द्राक्षारस

सुनेनं फोनवर ‘ब्रंच’ म्हटलं तेव्हा आमचे हे म्हणाले, आता हे काय नवीन खूळ? मी म्हटलं, नवीन कसलं, माझी अख्खी नोकरी त्याच्यावर गेली. सरकारी दवाखान्यात नर्स होते मी. रात्रपाळी करून घरी यायचं, आंघोळ करायची आणि अकराच्या सुमाराला धड नाश्ता नाही, धड जेवण नाही असं काहीतरी ताटात घेऊन बसायचं. त्याला असं झोकदार नाव असतं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

आम्ही श्रीरामपूरचे, पिढ्यानपिढ्यांचे ख्रिस्ती. ईस्टरला आमच्याकडे अंधारात उठून पहाटेच्या उपासनेला जायचं असतं. त्याआधीचे चाळीस दिवस घरात मटण-मासे बंद, माझा तर चहासुद्धा बंद. त्यामुळे उपासना संपवून घरी येईपर्यंत पोटात कावळे ओरडत असतात आणि सगळे स्वयंपाकघरात घुसून हाताला लागेल ते तोंडात टाकतात. सून म्हणाली, मम्मी, यंदा असं नको. यंदा नीट टेबल मांडू, सगळे एकत्र बसू, आणि मी शिकवते तसं फळांचं पेय करू, फसफसणाऱ्या वाइनमधलं. पुण्यात ते दोघं सुटीच्या दिवशी मित्रांकडे असलं काही पितात, हे मला माहीत होतं. मी काही सोवळी नाही. बरं म्हटलं. मग ती जरा थांबून म्हणाली, माझ्या आईबाबांनाही बोलवूया का?

त्या ‘बोलवूया का’मध्ये काय काय होतं, ते मला चांगलं कळलं. सून पाथर्डीकडची. शेतकरी घर, डाळिंबाची बाग. ती आणि माझा मुलगा पुण्यात एकाच ऑफिसात, तिथंच जमलं आणि रजिस्टर लग्न झालं. तिचे वडील लग्नाला हार घेऊन आले, मोकळेपणानं बोलले. आई आली, पदर ओढून कोपऱ्यात उभी राहिली, दोघांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि निघून गेली. त्यानंतर फोनवर गोड बोलायची, दर हंगामात डाळिंबं पाठवायची, पण आमच्या उंबऱ्याला तिचे पाय लागले नव्हते. भावकीतल्या बायकांनी तिला बजावून ठेवलं होतं, तिकडं पाण्याचा घोटसुद्धा घेऊ नकोस, बाटवतील.

हे कळलं तेव्हा माझं डोकं असं फिरलं होतं म्हणून सांगू. आयुष्यभर मी अर्ध्या जिल्ह्याला चमच्यानं पाणी पाजलं, तेव्हा कुणी बाटलं नाही, आणि आता माझ्या घरचं पाणी बाटवणार? पण सुनेकडे बघितलं की माझा राग कुठल्या कुठे जायचा. माहेरी जाऊन आली की पोरीच्या हातात डाळिंबांची पिशवी असायची आणि डोळे सुजलेले असायचे. मला लेक नाही. हीच माझी लेक. तिची आई एकदा तरी आमच्या घरात बसून चार घास खाऊन जावी, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मीच फोन लावला. विहीणबाई म्हणाल्या, यायला काय हुतंय, पन त्या दिवशी माझी संकष्टी हाय. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. म्हटलं, झालं, न खाण्याचं निमित्त सापडलं. तरी मी नेट लावला. म्हणाले, अहो मग काय बिघडलं, तुमच्यासाठी साबुदाणा करते, नव्या पातेल्यात करते. आणि सगळ्यांनी मिळून थोडा द्राक्षारस घ्यायचा आहे, मोसंबी आणि डाळिंब घालून. तो चालेल ना तुम्हाला?

“चालतोय की,” त्या म्हणाल्या, “फळाचाच तर हाय.”

मी फोन ठेवला. आता इथं सांगायला हवं की आमच्याकडे वाइनला द्राक्षारस म्हणायचीच जुनी रीत आहे. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या विधीला जो पेला फिरतो, तो द्राक्षारस. माझ्या सासूबाई नाताळसाठी काळ्या द्राक्षांची बरणी भरून कपाटाच्या तळाशी ठेवायच्या, तोही द्राक्षारसच. लहानपणापासून हा शब्द माझ्या कानात असाच बसलेला. दुसऱ्या कुणाच्या कानात तो निराळा बसला असेल, हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही. मी आमच्या ह्यांना म्हटलं, बघा, आपण उगाच त्या बाईला नावं ठेवत होतो. उपवासाला वाइन चालते म्हणाल्या! केवढं मोठं मन आहे. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, नीट विचारलंस ना? मी त्यांच्यावर खेकसले. तुम्हाला कुणाचं चांगलं दिसतच नाही, म्हटलं.

सुनेला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आई? आई हो म्हणाली? तिचा आवाज भरून आला होता. मी म्हटलं, अगं, आईच ती, लेकीसाठी किती वाकते बघ.

मग तयारी. मुलगा आणि सून शनिवारीच पुण्याहून आले. येताना नाशिककडच्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या, जाड काचेच्या, बुचाला तारेची जाळी बांधलेल्या. सुनेनं मला आधी सोड्यावर तालीम दिली. मोसंबी सोलताना पांढरी साल अजिबात ठेवायची नाही, नाहीतर रस कडवट होतो. डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये एकदाच गर्रकन फिरवायचे, बिया फुटल्या की तुरटपणा उतरतो. दोन्ही रस वेगवेगळे गाळायचे. साखर नको, बर्फ नको, त्याऐवजी सगळंच फ्रीजमध्ये गारेगार करायचं, ग्लाससुद्धा. आमच्याकडे तसले नाजूक देठाचे ग्लास कुठले असणार? सरबताचे उंच ग्लास काढले, माझ्या रुखवतात आलेले.

ग्लासात तळाला मोसंबीचा रस, त्यावर थोडा डाळिंबाचा, आणि मग ग्लास तिरका धरून कडेकडेनं वाइन सोडायची. घाई केली की नुसता फेस होतो. आणि चमच्यानं ढवळायचं नाही, बुडबुडे जातात, असं सून पुन्हा पुन्हा सांगत होती. मला हसू आलं. सलाईनच्या नळीवर टिचक्या मारून बुडबुडे घालवण्यात माझा जन्म गेला आणि आता मी बुडबुडे जपायला शिकत होते. पण सोड्याचाच का होईना, पहिला ग्लास तयार झाला तेव्हा मी त्याच्याकडे बघतच राहिले. तळाशी पिवळा, मध्ये केशरी, वर लालबुंद. मी म्हटलं, हा तर पिण्यापेक्षा ओवाळण्याच्या लायकीचा आहे.

ईस्टरच्या दिवशी उपासना आटोपून आम्ही घरी आलो, टेबलावर पांढरी चादर घातली. मटण मी संध्याकाळवर ढकललं होतं. पाहुण्यांच्या उपवासाच्या दिवशी घरात मटणाचा वास नको. नव्या पातेल्यात साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, काकडीची कोशिंबीर, आमच्यासाठी पाव, अंड्यांचं ऑम्लेट आणि केक. दहा वाजून गेले तेव्हा गल्लीत पिकअपचा आवाज आला. व्याहीबुवा स्वतः चालवत आले होते, शेजारी विहीणबाई, मागे डाळिंबांची दोन क्रेट.

विहीणबाई उंबऱ्याबाहेर चपला काढून थांबल्या. काठापदराची हिरवी साडी, डोक्यावर पदर. सून धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. मी तांब्या-भांडं घेऊन पुढे झाले. आल्या माणसाला आधी पाणी, मग बाकीचं. त्यांनी भांड्याकडे बघितलं, हात जोडले आणि म्हणाल्या, राहू द्या, मग घेते. संकष्टीला पाणी चालतं, हे मला न कळायला मी काय काल जन्मले होते? सुनेनं मान खाली घातली. मी भांडं परत नेऊन ओट्यावर ठेवलं. खरं सांगते, आत जाऊन मी एकदा डोळे पुसले.

पण मग त्याच आत आल्या. डाळिंबं त्यांच्याच बागेतली ना, त्यांना राहवेना. म्हणाल्या, आना इकडं, तुमाला सोलता याची न्हाईत. खाली फरशीवर बसल्या, सुरीनं वरची टोपी उडवली, चार चिरा दिल्या आणि फळ फुलासारखं उघडलं. मी रस गाळत होते, त्या दाणे काढून देत होत्या. यंदा फळ किती लागलं, तेल्या रोगानं किती झाडं नेली, लेक पुण्यात वेळेवर जेवते का, असं बोलत गेल्या. एक रस माझ्या हातचा, एक त्यांच्या हातच्या दाण्यांचा. मला वाटलं, आता जमलं.

बाटल्या उघडायचं काम पुरुषांचं. आमच्या ह्यांना ट्यूबलाइटची काळजी, म्हणून दोघं बापलेक बाटल्या घेऊन मागच्या अंगणात गेले. तिथून ठप्प असा आवाज आला, शेजारचं कुत्रं भुंकलं. हॉटेलात गुंडाळतात तसा बाटलीला पांढरा नॅपकिन गुंडाळून मुलानं ती ऐटीत टेबलावर आणली. बाटलीवर काय लिहिलंय ते कुणाला दिसलं नाही. सगळं कसं नेमकं जुळून आलं बघा.

सुनेनं एकेक ग्लास तिरका धरून भरला. पहिला ग्लास तिनं आईपुढे ठेवला. आमच्या ह्यांनी चार शब्दांची प्रार्थना केली, विहीणबाईंनीही हात जोडले. मुलगा म्हणाला, चिअर्स. सगळ्यांनी ग्लास ओठाला लावले. व्याहीबुवांनी एक मोठा घोट घेतला, ग्लासाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि दुसरा घोट घेतला.

विहीणबाईंनी मात्र ग्लास उचलला नाही. त्यांनी कमरेच्या पिशवीतून कागदाची एक पुडी काढली आणि उलगडून टेबलावर ठेवली. आत मीठ होतं, सैंधव, उपवासाचं. कुठलाही फळांचा रस त्या चिमूटभर मिठाशिवाय घेत नाहीत, हे सून मला एकदा बोलली होती. पण त्या क्षणी मला दिसलं ते एवढंच, की या बाईनं येताना घरून मीठसुद्धा बांधून आणलंय. पाणी नको, मीठही नको.

त्यांनी चांगली चिमूटभर घेतली आणि ग्लासात टाकली.

काय झालं ते सांगते. ग्लास खवळला. तळातून फेस असा उसळला की काठावरून बदाबदा खाली, पांढऱ्या चादरीवर लाल ओघळ, तो ओघळ थेट त्या पुडीत. कागद भिजला, मिठाचा लगदा झाला. विहीणबाई खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या.

“आगं बया,” त्या म्हणाल्या, “द्राक्षारस उतू कसा जातोय?”

आणि मी, नेहमीची फटकळ, फडकं शोधता शोधता बोलून गेले, अहो, वाइनमध्ये मीठ टाकल्यावर दुसरं काय होणार.

सगळ्यांचे ग्लास खाली आले. विहीणबाईंनी मला विचारलं, वाइन म्हंजी? मी म्हटलं, म्हणजे द्राक्षारस. त्या म्हणाल्या, द्राक्षाचा रस न्हाई? आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या बाईला सगळा गाव सांगत होता की तिकडं तुला बाटवतील, तिला मी तिच्या संकष्टीला, ती आमच्या घरी पहिल्यांदाच आलेली असताना, वाइनचा ग्लास दिला होता. चिमूटभर मीठ आडवं आलं नसतं तर तो तिच्या पोटात गेला असता. माझ्या नोकरीत मी खूप वाईट प्रसंग निभावले, तोंडावर कधी काही दिसू दिलं नाही. त्या दिवशी मात्र सगळं माझ्या तोंडावर दिसलं असणार.

त्यांनी लेकीकडे वळून विचारलं, “तुला म्हाईत हुतं?”

सून रडायलाच लागली. “मला वाटलं, तू माझ्यासाठी हो म्हणालीस,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुला आता हे घर चालतंय.”

विहीणबाईंनी मागे सारलेली खुर्ची पुढे घेतली. त्या हळूच बसल्या. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून सगळं सांगितलं, आमच्या देवळातला शब्द, सासूबाईंची बरणी, माझा फोन. म्हटलं, विहीणबाई, देवाशपथ, तुम्हाला फसवायचं माझ्या मनात नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं, बाजारात फळ पारखतात तसं.

“तुमाला खरंच वाटलं, मी संकष्टीला दारू पेईन?”

“हो,” मी म्हटलं. “मला वाटलं, तुमचं मन फार मोठं आहे.”

त्यांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. तेवढ्यात त्यांचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. व्याहीबुवांचा ग्लास तळापर्यंत रिकामा होता. त्या म्हणाल्या, आन् तुमी? तुमाला कळलं न्हाई? व्याहीबुवांनी मिशीवरचा फेस पुसला. म्हणाले, पहिल्या घोटालाच कळलं. मग बोलला का न्हाई? तर म्हणाले, इहीनबाईंनी एवढ्या मायेनं दिलेलं, नको कसं म्हनायचं? आणि तू तर अजून पुडीच सोडत हुतीस, म्हनलं, बघू काय करतीय.

विहीणबाई हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर बाजूला करून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझा मुलगा हसला, मग आमचे हे, मग रडता रडता सून. मी सगळ्यात शेवटी हसले.

हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, मला आता नुसता रस द्या, त्या बाटलीतलं काय न्हाई. मी उठले. नवा ग्लास धुऊन घेतला, त्यात मोसंबीचा आणि डाळिंबाचा रस त्यांच्यादेखत ओतला. त्यांनी पुडीकडे हात नेला, तर तिथं लाल लगदा. मी म्हटलं, थांबा, सैंधव माझ्याकडे नाही, पण कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल, मुलाला पाठवते. मुलगा चपला शोधायला उठलासुद्धा.

“बस रे,” त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “तुमच्या घरात मीठ न्हाई का?”

मी म्हटलं, आहे, पण ते रोजचं आहे, उपवासाला तुम्हाला चालणार नाही.

“तुमच्या घरचंच घाला,” त्या म्हणाल्या. “उपासाचं मी आन् गनपती बघून घेऊ.”

मी ओट्यावरची मिठाची बरणी आणली. या हातांनी आयुष्यभर औषधाचे थेंब मोजून दिले, तसंच मोजून चिमूटभर मीठ घेतलं. ते त्यांच्या ग्लासात टाकलं. या वेळी ग्लास शांत राहिला. त्यांनी चमच्यानं ढवळला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि सगळा रस एका दमात प्यायल्या. सून त्यांच्याकडे नुसती बघत होती. पोरीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, त्यासाठी मी त्या बाईची जन्मभर ऋणी आहे. तिच्या त्या पुडीतल्या चिमूटभर मिठाचीसुद्धा. त्यानं त्यांचा उपवास राखला, आणि माझं घरही.

विहीणबाईंनी पदरानं ओठ टिपले. ओट्यावर मघाशी ठेवलेलं भांडं अजून तसंच भरलेलं होतं, त्यांनी हनुवटीनं तिकडे दाखवलं.

“आता ते पानी द्या,” त्या म्हणाल्या.

सून उठायला लागली. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि भांडं स्वतः आणलं.